पाच मिनिटांचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरातील एका रविवारची गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मीरा रोड येथील एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर दहा-बारा माणसे एका पांढऱ्या मोटारीभोवती उभी होती. मोटारीच्या काचा बंद होत्या. फक्त मागची एक काच दोन बोटे खाली होती. आतल्या आसनावर पग जातीचा एक कुत्रा होता. जीभ पूर्ण बाहेर, तोंडातून घट्ट लाळ, पोटाचा भाता वेगाने हलत असलेला. तो भुंकत नव्हता. भुंकण्याइतकीही शक्ती त्याच्यात उरलेली नव्हती, हे मला पुढे कळले. त्याच वाहनतळावर, दोन मोटारी पलीकडे, एक बेवारशी कुत्रा गाडीखालच्या सावलीत निवांत झोपला होता.

वाहनतळाचा राखणदार कासावीस झाला होता. "मालक पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेत, सर. गाडी लावली तेव्हा इथं झाडाची सावली होती." सावली आता हातभर सरकली होती. गर्दीतील एका महाविद्यालयीन वयाच्या मुलाने काच फोडण्याचे सुचविले आणि शेजारच्या बांधकामावरचा दगडही उचलला. त्याला मीच थांबविले. "अरे, मालक येतीलच एवढ्यात. काच फोडलीस तर भरपाई कोण देणार? उद्या पोलिसांत तक्रार झाली म्हणजे?" माझे वय आणि माझा चष्मा पाहून तो मुलगा थांबला. आणखी बारा मिनिटांनी मालक आले. वाहनतळाच्या पावतीवर मोटार आत आल्याची वेळ होती १० वाजून ५५ मिनिटे. म्हणजे 'पाच मिनिटे' तब्बल पाऊण तासावर गेली होती. कुत्र्याला तातडीने डॉक्टरांकडे नेले. तो तिसऱ्या दिवशी गेला, असे राखणदाराने मला नंतर सांगितले.

वीस वर्षे मी मुलांना अर्थशास्त्र शिकवीत आहे. कोणत्याही निर्णयाचा खर्च काय, तो कोणावर पडतो आणि हातात असलेल्या पर्यायांपैकी आपण काय गमावतो, हे तपासून पाहावे, असे वर्गात सांगण्यात माझे आयुष्य गेले. त्या दिवशी वाहनतळावर मी काचेची किंमत मोजली. काचेपलीकडची मोजली नाही. हा लेख त्या चुकलेल्या हिशेबाविषयी आहे.

मालक निर्दय नव्हता

अशी बातमी वाचली की आपण मालकाला दूषणे देऊन मोकळे होतो. त्या दिवशी मोटारीचा दरवाजा उघडून कुत्र्याला छातीशी धरणारा तो माणूस ढसाढसा रडत होता. तो आपल्यासारखाच नोकरदार. पती-पत्नी दोघे सकाळच्या लोकलने मुंबईला जातात. दोन खोल्यांच्या घरात कुत्रा दिवसभर एकटा असतो. रविवारी तरी त्याला बाहेरची हवा मिळावी म्हणून ते त्याला बरोबर घेतात. लोकलच्या गर्दीत कुत्र्याला नेणे शक्य नाही, म्हणून मोटार. दुकानात कुत्र्याला प्रवेश नाही, म्हणून पुन्हा मोटारच. येथे मायेचा अभाव नव्हता, अभाव होता तो माहितीचा. मायेपोटी कुत्र्याला घराबाहेर काढणारा माणूसच त्याला मोटारीत ठेवण्याची शक्यता अधिक, हे या प्रश्नातील दुर्दैव आहे. ज्याला कुत्र्याची पर्वा नाही, त्याचा कुत्रा घरीच असतो आणि म्हणून या धोक्यापासून तरी सुरक्षित असतो.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रसंग विरळा राहील असे मानण्याचे कारण नाही. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या गावाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. जुनी झाडे गेली, इमारती आल्या, मोटारी आल्या, आणि घरातील एकटेपणावर उतारा म्हणून कुत्रेही आले. सुटीच्या दिवशी उत्तन-गोराईच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मोटारींत मागच्या खिडकीतून डोकावणारे एखादे कुत्र्याचे तोंड हमखास दिसते. ते पाहून आपल्याला आनंद होतो. तीच मोटार उन्हात थांबली, माणसे उतरली आणि खिडकी बंद झाली, की तेथे काय घडते ते आता पाहू.

काचेआडचे ऊन

भाईंदरच्या माणसाला ऊन काय करू शकते हे शिकविण्याची वास्तविक गरज नाही. उथळ कोंड्यांत खाडीचे पाणी घ्यायचे आणि सूर्याला त्याचे काम करू द्यायचे, एवढ्यावर येथील मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. मात्र मिठागर उघडे असते. वारा तेथे मोकळा फिरतो. मोटारीत ऊन काचेतून आत शिरते, आसने व पुढची काळी फळी तापवते. या तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता काचेतून त्याच सुलभतेने बाहेर पडू शकत नाही, आणि तापलेली हवा वर उठून निघून जाण्यासही वाट नसते. ऊन आत येते आणि आतच साठत जाते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००५ साली बालरोगशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात यासंबंधीची मोजमापे प्रसिद्ध केली. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलेल्या सोळा स्वच्छ दिवशी त्यांनी बंद मोटारीतील तापमान तासभर नोंदविले. सरासरी वाढ सुमारे २२ अंशांची आढळली. त्यांतील जवळजवळ ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच सुमारे दोन बोटे उघडी ठेवल्याने या वाढीत लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही. बाहेर केवळ २२ अंश असताना, म्हणजे आपल्याकडे ज्याला थंडी म्हणतात अशा हवेतही, आतला पारा ४७ अंशांवर पोहोचला.

आता आपला आकडा घालून पाहा. ऑक्टोबरातील किंवा मे महिन्यातील मीरा रोड, बाहेर ३३ अंश. अर्ध्या तासात आत पन्नाशी, तासाभरात ५५च्या आसपास. 'आज तसे ऊन नाही', 'काच थोडी उघडी ठेवली आहे', 'सावलीत लावली आहे' या तीन वाक्यांवर आपण विसंबतो. त्यांपैकी पहिली दोन या मोजमापांनी निकालात काढली. तिसरीबद्दल एवढेच म्हणता येईल, की मोटार जागेवर राहते, सावली राहत नाही.

कुत्र्याच्या शरीरात काय होते?

माणूस सर्वांगाने घामेजतो आणि घाम वाळताना शरीर निवते. कुत्र्याला घाम येतो तो नाममात्र, पंजांच्या तळव्यांना. त्याची सारी भिस्त धापेवर. जीभ आणि श्वासमार्ग यांतील ओलावा जलद श्वासाने वाफ होऊन जातो, आणि त्याबरोबर उष्णता जाते. आता अडचण अशी, की हवा जितकी दमट, तितकी ही वाफ होण्याची क्रिया मंद. कोकणपट्टीची हवा मुळातच दमट आहे. आणि बंद मोटारीत तर कुत्र्याचाच श्वास तिथली हवा आणखी दमट करीत जातो. म्हणजे स्वतःला वाचविण्याची त्याची प्रत्येक धडपड त्याचे बचावाचे साधन थोडे थोडे निकामी करते.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१च्या पुढे गेले की उष्माघात समजावा. रक्त गोठण्याची यंत्रणा, मूत्रपिंडे, यकृत, मेंदू अशी एकेक इंद्रिये निकामी होऊ लागतात. म्हणूनच बाहेर काढल्यानंतर सावरलेला दिसणारा कुत्राही दोन-तीन दिवसांनी दगावू शकतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक, कारण त्यांचे श्वासमार्ग जन्मतःच अरुंद असतात. वृद्ध, स्थूल, दाट केसांची कुत्री त्याच रांगेत. आपल्या शहरांत सध्या पगची आवड मोठी आहे. आपल्या हवेला सर्वांत कमी मानवणारा कुत्रा आपण हौसेने निवडला आहे.

२०२३च्या जुलै महिन्यात आग्र्यात ताजमहालाच्या वाहनतळावर एका पर्यटक कुटुंबाच्या बंद मोटारीत त्यांचा कुत्रा मरण पावला, हे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. पण याहून भयंकर घटना आपल्याच राज्यात घडल्या आहेत. २०२३च्या जूनमध्ये नागपुरात घराजवळ उभ्या असलेल्या मोटारीत तीन लहान मुले मृतावस्थेत सापडली. २०२४च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिल भागात दोन भावंडांचा असाच अंत झाला. ही मुले खेळता खेळता आत शिरली आणि बाहेर पडू शकली नाहीत. मूल असो वा कुत्रा, दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान आहे. आतून दार उघडणे ज्याच्या हाती नाही, त्याच्यासाठी मोटार हे वाहन राहत नाही, ती भट्टी होते.

निर्णय एकाचा, खर्च दुसऱ्याचा

अर्थशास्त्रात एक साधा नियम आहे. ज्याने निर्णय घ्यावयाचा त्यालाच खर्च सोसावा लागत असेल, तर निर्णय बहुधा शहाणपणाचा होतो. कारखान्याचा धूर कारखानदाराच्या घरात शिरला असता, तर धुराड्यांचा प्रश्न केव्हाच सुटला असता. 'पाच मिनिटां'चे नेमके तेच आहे. मोटारीबाहेर पडणारा माणूस वातानुकूलित दुकानात जातो. रांग लांबली, ओळखीचे कोणी भेटले, पैसे देण्याचे यंत्र बंद पडले, तर त्याचा थोडा वेळ जातो, इतकेच. त्या वाढलेल्या प्रत्येक मिनिटाचा खरा खर्च मोटारीत मोजला जात असतो, आणि तो मोजणाऱ्याला हाक मारता येत नाही. मालकाने स्वतः चावी खिशात न ठेवता काचा बंद करून पाचच मिनिटे त्या आसनावर बसून पाहावे. त्याचा अंदाज तत्काळ सुधारेल.

कोणी म्हणेल, उन्हाने माणसे मरत असताना कुत्र्यांची काळजी कसली? २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले, हे आपण विसरलेलो नाही. परंतु हे दोन प्रश्न एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. खारघरात जे घडले आणि वाहनतळावर जे घडले, त्यामागचे अज्ञान एकच आहे: दमट हवेतील ऊन आपण पाऱ्याच्या आकड्यावरून जोखतो, शरीरावरून नाही. शिवाय कुत्र्याच्या प्रश्नाला सरकारी तिजोरीतून एक रुपया लागत नाही. त्याला घरी ठेवणे, एवढाच तो उपाय.

दुसरा आक्षेप असा, की यंत्र चालू ठेवून, हवा गार करून गेले तर काय बिघडते? बिघडते ते यंत्रच. इंजिन बंद पडले किंवा कुत्र्याचा पाय एखाद्या बटणावर पडला, की गार मोटारीची भट्टी होण्यास फार वेळ लागत नाही, आणि मालक त्या वेळी निर्धास्त असतो. काही नव्या विजेवरच्या मोटारींत यासाठी खास सोय असते. परंतु आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारी तशा नाहीत.

पन्नास रुपयांचा कायदा

कायदा याबाबत मूक नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने धरलेल्या आग्रहातून १९६०चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आला. जनावराला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे, किंवा मालकाने त्याला पुरेसे पाणी व आसरा न देणे, हा त्याच्या अकराव्या कलमानुसार गुन्हा ठरतो. १९७६च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरविले. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा पन्नास रुपये ठरली, आणि ती साठ वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. १९६० साली पन्नास रुपये ही कनिष्ठ कारकुनाच्या महिन्याच्या पगारात मोठे भगदाड पाडणारी रक्कम होती. आता तेवढ्यात एखाद्या मोठ्या दुकानाच्या वाहनतळाचे तासाभराचे भाडे जेमतेम भागेल. महागाईने एक कायदा कसा पोखरला जातो, याचे याहून सोपे उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही. केंद्र सरकारने २०२२ साली दंड वाढविणारा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तो याच कारणाने.

आणि ज्या शंकेने मी त्या मुलाचा हात धरला, तिचे काय? मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने, गुन्हेगारी हेतूशिवाय केलेली लहान हानी गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८१व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९व्या कलमात ते कायम आहे. व्यक्तीची तशीच मालमत्तेची हानी टाळण्याचा त्यात उल्लेख आहे. कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही मालमत्ताच. तेव्हा काच वाचवावी की कुत्रा, हा निदान विचार करण्याजोगा प्रश्न ठरतो. परंतु भर उन्हात, गर्दीत उभ्या असलेल्या सामान्य माणसाने कलमांचा अर्थ लावीत बसावे, ही अपेक्षा रास्त नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ पासून यासाठी स्पष्ट तरतूद केली आहे. दार अन्य मार्गाने उघडत नसेल, प्राण्याचा जीव धोक्यात असल्याचे सकृद्दर्शनी दिसत असेल, आणि आधी पोलिसांना वा तत्सम यंत्रणेला कळविले असेल, तर काच फोडणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. मात्र त्याने अधिकारी येईपर्यंत प्राण्याजवळ थांबावयाचे. अशी चार ओळींची तरतूद आपल्या विधिमंडळालाही करता येईल.

करता येण्याजोगे

कायद्याची वाट न पाहताही बरेच काही होऊ शकते. सशुल्क वाहनतळ चालविण्यास देताना महानगरपालिकेने करारात एकच अट घालावी: मोटार आत घेताना 'आत मूल किंवा जनावर ठेवून जाणार नाही ना?' असे विचारले जाईल, आणि तसे आढळल्यास मोटारीचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून तत्काळ पुकारला जाईल. राखणदाराला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो, म्हणूनच तो बिचारा कासावीस होऊन उभा राहतो. मोठ्या दुकानांनी दाराशी सावलीत, पाण्याचे भांडे ठेवून, कुत्रा बांधण्यापुरती जागा द्यावी. गृहनिर्माण संस्थांतील कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबांनी रविवारी एकमेकांचे कुत्रे सांभाळण्याची पाळी लावावी. शेजारधर्म म्हणजे दुसरे काय?

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेच्या आवारात एखादी रिकामी मोटार बंद करून तिच्यात एक तापमापक ठेवावा, दुसरा बाहेर सावलीत. दर पाच मिनिटांनी काचेतून आकडे वाचून विद्यार्थ्यांनी आलेख काढावा. तो आलेख काढलेले मूल आयुष्यात कधी कोणाला मोटारीत बंद करणार नाही, आणि आपल्या आईवडिलांनाही करू देणार नाही.

आणि प्रत्यक्ष प्रसंग ओढवलाच, तर क्रम लक्षात ठेवावा. आधी मालकाला पुकारणे, त्याच वेळी ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळविणे. कुत्रा बाहेर आला की सावलीत नेऊन लगेच अंगावर साधे गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे. अंगावर ओले कापड गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. आधी निववावे, मग डॉक्टरांकडे न्यावे. पण न्यावेच, तो सावरलेला दिसला तरी.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराला न्यायला इंद्राचा रथ येतो. बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला रथात जागा नाही असे कळताच युधिष्ठिर स्वर्गावर पाणी सोडतो. आपल्यापुढची परीक्षा त्या मानाने फार सोपी आहे. स्वर्ग सोडावयाचा नाही, एक खरेदी पुढे ढकलावयाची आहे.

तो दगड उचलणारा मुलगा मला पुन्हा भेटला नाही. भेटला तर त्याला सांगावयाचे आहे, की त्या दिवशी त्याचा हिशेब बरोबर होता आणि प्राध्यापकाचा चुकला होता. काचेचे काही हजार रुपये आम्हा दहा-बारा जणांत वाटून देता आले असते. त्या वेळी हे मला सुचले नाही, याची बोचणी आता माझ्यापाशी राहील.